करबदलाचा भुर्दंड कुणाच्या माथी?

निविदा भरताना जो करदर असतो तोच अंतिम देयक निघेपर्यंत कायम राहील, याची शाश्वती बांधकाम क्षेत्रात कोणालाच नसते. काम दीड-दोन वर्षे चालते. शासनाची अधिसूचना मात्र काही दिवसांत अमलात येते. या तफावतीचा फटका बसतो तो प्रामुख्याने लहान ठेकेदारांना. वस्तू व सेवा कराची वाटचाल पाहता हा प्रश्न केवळ करआकारणीचा नसून कराराच्या मसुद्याचाही आहे, हे स्पष्ट होते.

१ जुलै २०१७ रोजी हा कर लागू झाला, तेव्हा बांधकामाच्या ठेक्यांवर १८ टक्के दर होता. ऑगस्ट २०१७ मध्ये बहुतांश सरकारी कामांसाठी तो १२ टक्के झाला. जून २०२२ मध्ये चंडीगड येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत ही सवलत काढून घेण्याचे ठरले आणि १८ जुलै २०२२ पासून दर पुन्हा १८ टक्क्यांवर गेला. प्रामुख्याने मातीकाम असलेल्या सरकारी कामांचा दर तर त्याच दिवशी ५ वरून १२ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. कालवे आणि तलावांची कामे घेणाऱ्यांना ही वाढ विशेष जाचक ठरणारी आहे.

वाढीव कर कोणी सोसायचा, हे करारातील एका वाक्यावर ठरते. निविदेची किंमत कर वगळून असेल तर फरक देणे खात्यावर येते. ती ‘सर्व करांसह’ असेल आणि कायद्यातील बदलाची भरपाई देणारे कलम नसेल, तर तो ठेकेदाराच्या खिशातून जातो. समजा, करासह एक कोटी रुपयांचे काम आहे. १२ टक्के दराने ठेकेदाराच्या हाती सुमारे ८९ लाख २९ हजार रुपये उरतात, १८ टक्के दराने सुमारे ८४ लाख ७५ हजार. साडेचार लाखांचा हा फरक, दहा टक्के नफा धरला तरी, निम्मा नफा गिळून टाकतो.

यातील आणखी एक विसंगती देयकांच्या विलंबातून निर्माण होते. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४ नुसार, सेवा दरबदलापूर्वी दिली असली तरी देयक आणि रक्कम या दोन्ही गोष्टी नंतरच्या असतील, तर नवा दर लागतो. म्हणजेच मोजमापाची नोंद खात्याने लांबवली आणि पैसे उशिरा दिले, तर जुन्या कामावरही वाढीव कर बसू शकतो. विलंब शासनाचा आणि भुर्दंड ठेकेदाराचा, अशी ही अवस्था आहे. कर कमी झाल्यास त्याचा लाभ ग्राहकाला द्यावा, असे कलम १७१ सांगते. कर वाढल्यास मूळ किंमत आपोआप वाढवून देणारी अशी तरतूद मात्र या कायद्यात नाही.

दरकपातीचा परिणामही सर्वांवर सारखा होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. सरकारी ठेकेदाराला खरेदीवरील कराची वजावट मिळत असल्याने त्याला मुख्यतः खेळत्या भांडवलाचा दिलासा मिळतो. घरबांधणी करणाऱ्या बिल्डरांचे गणित वेगळे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या रचनेत बांधकाम सुरू असलेल्या घरांवर ५ टक्के, तर परवडणाऱ्या घरांवर १ टक्का कर आहे. परंतु वजावट नाही. त्यामुळे सिमेंटवरील करकपातीने त्यांचा खर्च थेट घटतो, आणि त्याच कारणाने ठेकेदाराला दिलेला १८ टक्के कर घराच्या किमतीत मिसळतो.

वाढीव कर अखेर शासनाच्याच तिजोरीत जातो, मग भरपाई देण्यात अडचण कोणती, असे विचारले जाते. राज्य शासनाच्या कामावरील करातील निम्मा वाटा राज्याकडे परत येतो, हे खरे. जिल्हा परिषद किंवा नगर परिषद यांच्याकडे मात्र तो थेट परतत नाही. मंजूर निधी तेवढाच राहिला, तर वाढीव करापोटी एखादी शाळाखोली वा रस्त्याचा तुकडा कमी होतो.

यावर तोडगा नाही, असे नाही. सरकारी इमारतींच्या काही कामांना असलेली सेवाकराची सूट २०१५ मध्ये काढण्यात आली; परंतु १ मार्च २०१५ पूर्वीच्या करारांसाठी ती २०१६ च्या वित्त अधिनियमाने पुन्हा देण्यात आली. कराराची तारीख प्रमाण मानता येते, हे त्यातून सिद्ध झाले आहे. प्रत्येक निविदेत किंमत कर वगळून मागवावी, प्रत्यक्ष लागू दराने कर स्वतंत्र द्यावा आणि दर घटल्यास तो लाभ खात्याने घ्यावा, एवढे एक कलम सक्तीचे केले तरी बराच वाद मिटेल. धोरण बदलण्याचा अधिकार शासनाचा आहे; मात्र त्या बदलाची किंमत, करारावर आधीच सही करून बसलेल्याने मोजावी, हे न्याय्य म्हणता येणार नाही.