सांगाडा जुना, इंजिन नवे

झाशीच्या दतिया गेटजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याला आजोबांच्या जुन्या बुलेटमध्ये नव्या बुलेटचं इंजिन बसवायचंय. ‘मामा, किक मारून पाय दुखतो,’ हे त्याचं कारण. खरं आहे, पण पुरेसं नाही.

जुन्या ३५० मध्ये इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. २००९-१० च्या सुमारास आलेल्या इंजिनात दोन्ही एकाच कवचात. म्हणजे नटबोल्ट काढून नवं ठेवलं, असं होत नाही. जुन्याचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. नव्याचं नेमकं उलटं. ब्रेकचं पेडल उजवीकडे न्यायचं, तर मागच्या ड्रमपर्यंतचा रॉडही बदलावा लागतो. शिवाय इंजिनाच्या प्लेटा नव्याने कापायच्या, सगळं वायरिंग उसवायचं. आणि पदरात काय? जुनं इंजिन अठरा अश्वशक्तीचं, नवं विसाच्या आतबाहेर. एवढ्यासाठी फ्रेमला गॅस कटर लावायचा?

कायद्याचंही आहेच. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. आरसी बुकात इंजिनाचा नंबर असतो. तो जुळला नाही तर अपघातानंतर विमा कंपनीला आयतंच निमित्त मिळतं.

माझं मत सरळ आहे: जुनं इंजिन उघडा, बोअर करून नवा पिस्टन टाका, पॉइंट नीट लावा. किक सोपी होते. तरीही इंजिन बदलायचंच असेल, तर मेकॅनिककडे जाण्याआधी आरटीओत जा आणि परवानगी लेखी घ्या.