ग्रँडमास्टर व्हायला काय लागतं? तालुक्यातल्या पोरांची गाडी अडते ती तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यापाशी

नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिला विश्वचषक जिंकला. अंतिम लढतीत समोर होती अनुभवी कोनेरू हम्पी. क्लासिकल पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांच्या टायब्रेकमध्ये १९ वर्षांच्या दिव्याने बाजी मारली. या विजेतेपदासोबत ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. पुढे राज्य सरकारने नागपुरात तिचा सत्कार करून ३ कोटी रुपयांचं बक्षीस दिलं.

बातमी गावोगावी वाचली गेली. शाळेतल्या स्पर्धेत पहिलं येणारं, मोबाईलवर मोठ्यांना हरवणारं पोरगं ज्या घरात आहे, तिथं साहजिकच एक प्रश्न आला: आपल्या पोराला ग्रँडमास्टर व्हायचं तर नेमकं काय लागतं? उत्तर शोधताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. दिव्याचा शेवटचा टप्पा हा नेहमीचा रस्ता नव्हता. बाटुमीला जाण्याआधी तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. विश्वचषक जिंकणारीला हा किताब थेट मिळतो, म्हणून तो मिळाला. बाकीच्यांना नियमाचा लांबचा रस्ता चालावा लागतो.

तीन नॉर्म आणि २५०० चा आकडा

हा किताब जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे देते. त्यासाठी दोन अटी आहेत. एक, खेळाडूचं क्लासिकल रेटिंग कधी ना कधी २५०० पर्यंत गेलेलं असावं. दोन, साधारण तीन नॉर्म मिळवावेत आणि त्यांत मिळून किमान २७ डाव असावेत.

नॉर्म म्हणजे एका स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या दर्जाचा खेळ केल्याची पावती. सहसा नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत २६०० रेटिंगच्या खेळाडूला शोभेल अशी कामगिरी करावी लागते. समोरच्या खेळाडूंचं सरासरी रेटिंग २३८० असेल तर ९ पैकी ७ गुण हवेत. सरासरी २४७५ असेल तर ६ गुणांत भागतं.

पण खरी मेख पुढे आहे. समोर कोण बसलंय, यालाही नियम आहे. त्या नऊ जणांत किमान तीन ग्रँडमास्टर लागतात. निम्मे तरी किताबधारी लागतात. काही अपवाद सोडले तर सगळे एकाच देशाचे चालत नाहीत, परदेशी खेळाडूही लागतात. म्हणजे पोरगं कितीही तयार असलं, तरी तीन ग्रँडमास्टर आणि परदेशी खेळाडू समोर बसल्याशिवाय नॉर्मचा हिशोबच सुरू होत नाही. तालुक्याच्या स्पर्धेत नऊच्या नऊ डाव जिंकले तरी हाती ढाल येईल, नॉर्म नाही.

जिंकूनही रेटिंग का वाढत नाही?

रेटिंगचं गणितही असंच आहे. पहिलं रेटिंग मिळवायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात, आणि तेही मान्यताप्राप्त स्पर्धेत. मोबाईलवर हजारो डाव खेळून आलेला आकडा फिडेच्या यादीत धरत नाहीत.

एकदा यादीत नाव आलं की सुरुवातीला गाडी जोरात पळते. १८ वर्षांखालील, २३०० च्या आतल्या मुलाने बरोबरीच्या खेळाडूला हरवलं तर २० गुण मिळतात. पण रेटिंग एकदा २४०० ला पोहोचलं की त्याच विजयाचे फक्त ५ गुण. म्हणजे २४०० वरून २५०० गाठायचं तर आपल्या तोडीच्या खेळाडूंशी खेळताना हरलेल्या डावांपेक्षा जिंकलेले डाव २० ने जास्त हवेत. या पातळीवर बरेच डाव बरोबरीत सुटतात, आणि तोडीच्या खेळाडूशी बरोबरी केली की गुण शून्य.

मग कच्च्या खेळाडूंशी खेळून गुण गोळा करावेत का? तेही जमत नाही. २४०० वाल्याने २००० वाल्याला हरवलं तर एक गुणसुद्धा पुरता मिळत नाही, जेमतेम ०.८ मिळतो. बरोबरी झाली तर ४.२ गुण जातात. हरला तर ९.२. एका चुकीच्या डावाने दहा-अकरा विजयांची कमाई धुऊन निघते. म्हणून वर चढू पाहणारा खेळाडू ठराविक टप्प्यानंतर गावाजवळच्या स्पर्धा टाळतो. लोक म्हणतात, पोराला शिंगं फुटली. खरं कारण हे गणित असतं.

नागपूरचा पोरगा, नॉर्म सर्बियात

हे सगळं कागदावरचं नाही. नागपूरचाच संकल्प गुप्ता २०२१ मध्ये भारताचा ७१वा ग्रँडमास्टर झाला. त्याने तिन्ही नॉर्म अवघ्या २४ दिवसांत मिळवले, पण ते मिळाले सर्बियात. जगात सर्वांत कमी वयात हा किताब मिळवणाऱ्या अभिमन्यू मिश्राचीही तीच गोष्ट. अमेरिकेत राहणारा हा मुलगा २०२१ मध्ये १२ वर्षं ४ महिने २५ दिवसांचा असताना ग्रँडमास्टर झाला. त्यासाठी त्याला वडिलांसोबत हंगेरीत काही महिने मुक्काम ठोकावा लागला होता.

कारण सोपं आहे. सर्बिया, हंगेरीसारख्या देशांत नॉर्मच्या स्पर्धा वारंवार भरतात. शेजारच्या चार देशांतले ग्रँडमास्टर रेल्वेने किंवा बसने येतात. त्यामुळे तिथं जे सहज जुळतं, ते आपल्याकडे विमानाचं तिकीट, व्हिसा आणि राहण्या-खाण्याच्या खर्चात अडकतं. सोबत लहान मूल असेल तर एक पालकही लागतोच. एवढं करून नॉर्म हुकला तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी किताबाच्या अर्जाची फी ३३० युरो. आधीच्या खर्चापुढे तीही किरकोळ वाटावी!

घर सांभाळून खेळ, की खेळ सांभाळून घर?

आता यशस्वी खेळाडूंच्या घरांकडे पाहू. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. नाशिकच्या विदित गुजराथीचे आईवडीलही डॉक्टर. तेलंगणाच्या अर्जुन एरिगैसीचे वडील मेंदूचे शल्यचिकित्सक. डिसेंबर २०२४ मध्ये विश्वविजेता झालेल्या गुकेशचे वडील कान-नाक-घशाचे सर्जन. मुलासोबत फिरण्यासाठी त्यांनी आपली प्रॅक्टिस बाजूला ठेवली. प्रज्ञानंदचे वडील बँकेत नोकरीला, आणि आई प्रत्येक स्पर्धेला सोबत.

या मुलांची मेहनत यामुळे कमी होत नाही. दिवसाचे कित्येक तास अभ्यास, हरलेला डाव रात्री पुन्हा तपासणं आणि सकाळी ताज्या डोक्याने पटावर बसणं हे पैशाने विकत मिळत नाही. पण पैसा वेळ विकत घेतो. वर्षानुवर्षं एका कमावत्या माणसाने काम सोडून मुलासोबत फिरणं ज्या घराला परवडतं, तेच घर या रस्त्यावर टिकतं. ज्या घरात पेरणीचे दिवस चुकले तर वर्ष बुडतं, तिथं सर्बियातली स्पर्धा सोडा, चार दिवसांची पुण्याची स्पर्धासुद्धा उसनवारीवर होते.

तामिळनाडूने काय केलं?

१९८८ मध्ये विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. तिसरा ग्रँडमास्टर मुंबईचा प्रवीण ठिपसे, १९९७ मध्ये. म्हणजे तिघे व्हायला नऊ वर्षं गेली होती. आज ही संख्या ८८ च्या पुढे आहे, आणि त्यात तामिळनाडू सर्वांत पुढे. तिथं आनंदचा आदर्श होता, खेळाडूंना सांभाळून घेणाऱ्या शाळा होत्या, आणि सरकारने स्पर्धा आपल्या दारात आणल्या. २०२२ चं ऑलिंपियाड चेन्नईजवळ मामल्लपुरमला झालं. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईत राज्य सरकारच्या पाठबळावर ग्रँडमास्टर स्पर्धा भरली. ती गुकेशने जिंकली आणि पुढे कँडिडेट्स स्पर्धेत जागा मिळवली. तिथूनच तो जगज्जेतेपदाच्या लढतीला पोहोचला.

महाराष्ट्रात गुणवत्ता नाही असं कुणी म्हणणार नाही. नागपूरचा रौनक साधवानी २०१९ मध्ये १३व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. अमरावतीचा स्वप्निल धोपाडे ग्रँडमास्टर आहे. सांगलीची बुद्धिबळाची परंपरा तर स्वातंत्र्याच्या आधीची. पण सरकारी तिजोरी उघडते ती पदक आल्यावर. विश्वचषक जिंकणारीला ३ कोटी दिले, ते योग्यच. त्यातली एखाद्या कोटीची रक्कम दरवर्षी नॉर्मच्या स्पर्धांवर, परदेशी खेळाडू बोलावण्यावर खर्च झाली, तर उरलेल्या शंभर पोरांना घराजवळ संधी मिळेल.

जिल्हा पातळीवर याहून साधी कामं आहेत. एका दिवसात उरकणाऱ्या जलद स्पर्धांसोबत वर्षातून दोन-तीन तरी क्लासिकल रेटिंग स्पर्धा भरवणं. बाहेरगावच्या मुलांची आणि एका पालकाची शाळेत किंवा वसतिगृहात राहायची सोय करणं. ढाली आणि सत्काराच्या शालींवरचा खर्च कमी करून जिंकणाऱ्याला पुढच्या स्पर्धेचं तिकीट देणं. यातल्या एकाही कामाला मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

पालकांनीही आकडे समोर ठेवूनच पाऊल टाकावं. पुस्तकं, व्हिडिओ, संगणकावरचं विश्लेषण आज फुकटात मिळतं, तेव्हा २००० च्या आसपासपर्यंत खेड्यातलं पोरगंही मेहनतीने पोहोचू शकतं. शेतजमीन गहाण ठेवून युरोप गाठण्याची घाई मात्र करू नये. आधी रेटिंग, मग प्रायोजक, मग प्रवास. आणि दहावी-बारावी सोडून तर नकोच, कारण किताब आयुष्यभर नावापुढे राहतो, पण त्याला महिन्याचा पगार नसतो.

ग्रँडमास्टर सगळेच होणार नाहीत. पण कोण होऊ शकलं असतं हे कळायलासुद्धा पोराला आधी तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यासमोर बसवावं लागतं. सध्या आपल्या तालुक्यांत ती खुर्चीच रिकामी आहे.