राष्ट्रपतिपदासाठी उसनी प्रतिष्ठा

श्रीमती द्रौपदी मुर्मू यांचा पाच वर्षांचा कार्यकाळ २०२७ च्या जुलैमध्ये पूर्ण होतो. निवडणूक जवळ येईल तसतसा एक जुना खेळ पुन्हा सुरू होईल. ज्यांच्यापाशी मतांची बेरीज नाही, ते एखाद्या आदरणीय, निवृत्त आणि निष्कलंक व्यक्तीचे दार ठोठावतील आणि ‘देशासाठी आपण पुन्हा उभे राहिलेच पाहिजे’ असे आर्जव करतील. त्या व्यक्तीने नकार दिला, तर ‘लढण्याची वेळ आली तेव्हा कच खाल्ली’ असा शेराही मारतील. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या वाट्याला हे एकदा नव्हे, दोनदा आले.

२०१२ च्या जूनमधील घटनाक्रम आठवून पाहावा. १३ जूनला ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यादव यांनी संयुक्तपणे तीन नावे जाहीर केली : डॉ. कलाम, डॉ. मनमोहन सिंग आणि सोमनाथ चटर्जी. १५ जूनला संपुआने प्रणव मुखर्जींचे नाव घोषित केले आणि मुलायमसिंहांनी लगोलग मुखर्जींना पाठिंबा दिला. ज्या माणसाचे नाव पुढे केले, त्याची पाठराखण दोन दिवससुद्धा न करणारे हे समाजवादी! १८ जूनला कलामांनी आपली सद्सद्विवेकबुद्धी या निवडणुकीस अनुमती देत नाही असे स्पष्ट करून विषय संपविला. तरीही रालोआतील आणि रालोआबाहेरील अनेकांना त्यांनी ‘प्रतीकात्मक’ लढत द्यावी असे वाटत होते.

ही प्रतीकात्मकता अंकांत कशी दिसली असती? त्या निवडणुकीत विजयासाठी सुमारे साडेपाच लाख मतमूल्य आवश्यक होते. रालोआने नंतर पाठिंबा दिलेल्या पी. ए. संगमा यांना ३ लाख १५ हजार ९८७ मते मिळाली. मुखर्जींकडे गेलेली तृणमूल, जद (यू) आणि शिवसेना यांची मते त्यात मिळविली, तरी बहुमत दूरच राहत होते. या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते, त्यामुळे चमत्कार घडू शकतो, असा युक्तिवाद केला जातो. परंतु चमत्काराच्या भरवशावर माजी राष्ट्रपतीला उभे करणे हा त्या पदाचा सन्मान होऊ शकत नाही. पाच वर्षे ज्याच्या नावाने देशाचा कारभार चालला, तिन्ही सेनादलांचा जो सरसेनापती होता, त्याने आमदारांच्या मतांसाठी राज्याराज्यांतून फिरायचे आणि अखेर हरायचे, यातून नेमके काय साधले असते? एका पक्षाची एका दिवसाची बातमी, एवढेच.

२००७ मध्येही वेगळे घडले नव्हते. तिसऱ्या आघाडीने कलामांना दुसऱ्या कार्यकाळासाठी गळ घातली. भैरोसिंह शेखावत यांनी, कलाम उभे राहिल्यास आपण माघार घेऊ, असा उमदेपणा दाखविला. विजयाची निश्चिती असेल तरच विचार करू, असे कलामांनी सांगितले. ती निश्चिती कोणीच देऊ शकले नाही आणि त्यांनी नकार कळविला. काँग्रेसला ते पुन्हा नकोच होते. २००६ मध्ये लाभाच्या पदाविषयीचे विधेयक त्यांनी पुनर्विचारार्थ परत पाठविले होते. अशा माणसाला दुसऱ्यांदा निवडण्याचा धोका सत्ताधाऱ्यांनी पत्करला नाही, असे मानण्यास पुरेपूर जागा आहे. शिवराज पाटील यांचे नाव डाव्यांना मानवले नाही आणि प्रतिभाताई पाटील उमेदवार झाल्या. शिवसेनेने मराठी माणूस म्हणून त्यांना मत दिले. शेखावत पराभूत झाले आणि त्यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. राजस्थानचे तीन वेळा मुख्यमंत्री झालेल्या त्या नेत्याच्या सार्वजनिक जीवनाचा शेवटचा मोठा प्रसंग पराभवाचा ठरला.

‘पुन्हा उभे राहावे’ या मताचे लोक नीलम संजीव रेड्डी यांचे उदाहरण हमखास देतात. ते उदाहरण मुळातून तपासण्याजोगे आहे. १९६९ मध्ये डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर काँग्रेस संसदीय मंडळाने बंगळूरच्या बैठकीत रेड्डींना उमेदवारी दिली. त्यांनी लोकसभेचे सभापतिपद सोडले. श्रीमती इंदिरा गांधी यांनी स्वतःच्याच पक्षाच्या या उमेदवाराविरुद्ध ‘अंतरात्म्याचा आवाज’ काढला आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी विजयी झाले. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यानंतर गिरी ४ लाख २० हजार ०७७, तर रेड्डी ४ लाख ५ हजार ४२७. रेड्डी अनंतपूरला शेतीकडे वळले. १९७७ च्या जनता लाटेत आंध्रमधून जनता पक्षाचे एकमेव खासदार म्हणून ते नंद्यालहून निवडून आले, पुन्हा सभापती झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. दाखल झालेल्या ३७ अर्जांपैकी ३६ अर्ज छाननीत बाद ठरले होते.

म्हणजे रेड्डींचे पुनरागमन झाले, ते लढतीतून नव्हे, सहमतीतून. हा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. आणि बिनविरोध निवड म्हणजे निःपक्षपाती कारभाराची हमीही नव्हे, हे १९७९ मध्ये दिसले. मोरारजी देसाईंचे सरकार कोसळल्यावर रेड्डींनी प्रथम यशवंतराव चव्हाणांना आणि नंतर चौधरी चरणसिंगांना पाचारण केले. चरणसिंगांनी लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा दिला, तेव्हा जगजीवनराम यांना संधी न देता २२ ऑगस्टला रेड्डींनी लोकसभा विसर्जित केली. १९६९ मध्ये बंगळूरच्या त्याच बैठकीत इंदिराजींनी रेड्डींऐवजी पुढे केलेले नाव जगजीवनराम यांचेच होते. दोन्ही गोष्टींचा संबंध जोडणारे तेव्हाही होते. तो खरा असो वा नसो, जुन्या लढतीचे व्रण अंगावर घेऊन राष्ट्रपती भवनात येणाऱ्याच्या प्रत्येक निर्णयावर अशी सावली पडते. नव्या लढतीतून येणाऱ्यावर ती अधिकच गडद पडेल.

इथे स्वपक्षीयांनाही चार शब्द ऐकवणे भाग आहे. १९६९ च्या त्याच निवडणुकीत भारतीय जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने चिंतामणराव देशमुखांना उभे केले होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा देणारा अर्थमंत्री. महाराष्ट्राने ज्याचा अभिमान बाळगावा असा माणूस. त्यांना पहिल्या पसंतीची १ लाख १२ हजार ७६९ मते मिळाली आणि ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. योग्यतेत ते दोघांपेक्षा कणभरही उणे नव्हते. पण हरण्यासाठीच उभ्या केलेल्या उमेदवाराच्या योग्यतेची चर्चा कोणी करीत नाही. तो कोणाची मते खातो, एवढेच पाहिले जाते. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध टी. एन. शेषन यांना शिवसेनेने बळ दिले. निवडणूक आयुक्त म्हणून ज्यांचा धाक साऱ्या पक्षांना वाटे, त्या शेषन यांना जेमतेम पन्नास हजार मते मिळाली.

विरोधकांची कहाणी तर ताजीच आहे. २०२२ मध्ये शरद पवार, फारूख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी यांनी एकापाठोपाठ नकार दिला. यांपैकी गांधी २०१७ मध्ये उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक हरले होते. पुन्हा तसेच वापरले जाण्याची त्यांची तयारी नव्हती. अखेर यशवंत सिन्हा पुढे झाले आणि पराभूत झाले. पवारांसारख्या मुरब्बी राजकारण्याने जी बेरीज क्षणात केली, ती इतरांना का जमू नये?

राज्यघटनेच्या ५७ व्या अनुच्छेदाने फेरनिवडीस मुभा दिली आहे. तिचा लाभ आजवर केवळ डॉ. राजेंद्रप्रसादांना मिळाला, आणि तोही पंडित नेहरूंचा कल डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे असताना, कारण पक्ष राजेंद्रबाबूंच्या मागे उभा होता. डॉ. कलामांचे गणित याहून वेगळे नव्हते. २००२ मध्ये ते चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असताना पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा दूरध्वनी आला. कलामांनी दोन तासांचा अवधी मागून घेतला आणि होकार देतानाच सर्व पक्षांच्या सहमतीची अपेक्षा व्यक्त केली. डावे पक्ष आले नाहीत, त्यांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभे केले. पण काँग्रेससह बहुतेक सारे पक्ष आले आणि कलाम ९ लाख २२ हजार ८८४ मतांनी राष्ट्रपती भवनात गेले. हीच अट त्यांनी २००७ मध्ये आणि २०१२ मध्ये कायम ठेवली. वाजपेयींनी ती पूर्ण करण्याचे कष्ट घेतले होते. नंतरच्या आर्जवकर्त्यांना केवळ त्यांचे नाव हवे होते.