गाठ आज्जीची, कागद कुणाच्या भाषेत?

दोन वर्षांपूर्वी भालकीच्या आमच्या आज्जीची कॅन्सरची गाठ ऑपरेशन करून काढली. त्याआधी तिनं ज्या कागदावर सही केली, तो इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता. आज्जी मराठी चौथी शिकलेली. "ऑपरेशनचा कागद आहे," एवढंच तिला सांगितलं गेलं. मी नंतर वाचला, तर आत एक ओळ होती: काढलेला भाग संशोधनासाठी वापरायला हरकत नाही.

संशोधनाला माझा विरोध नाही. शरीराबाहेर काढलेली गाठ लगेच मरू लागते. ती जगवायची तर पेशी सुट्या करून पोषक द्रवात, ३७ अंशांवर ठेवाव्या लागतात. भांडं भरलं की थोड्या पेशी नव्या भांड्यात घालायच्या. अशा पेशींवर औषधं तपासता येतात. भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उभी केली ती डॉ. कमल रणदिवे यांनी, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या एका मराठी बाईनं.

त्याआधी रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या होत्या. त्याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या हेला पेशी आजही जगभर वाढताहेत. पण हेन्रिएटाला कुणी विचारलं नव्हतं, आणि घरच्यांना कळायला वीसेक वर्षं गेली.

आज भारतात आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगूनच संमती घ्यावी, असं त्यांत स्पष्ट आहे. तरी बीदर-कलबुर्गीच्या सीमेवर मराठी माणूस न वाचलेल्या कागदावर सही करतो.

काही जण म्हणतील, खेड्यातल्या म्हातारीला हे काय कळणार? मी आज्जीला पाच मिनिटांत सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे इरजणासारखं की! जरासं ठिवायचं, पुन्हा लावायचं." शरीराच्या पुनरुत्थानावर तिचा विश्वास, म्हणून ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "दिलीच असती की गं. पण इचारायचं तरी."

मित्रहो, आपण दोन-तीन भाषा जाणणारी मुलं. वाङ्मय मंडळात आपण कवितांची भाषांतरं करतो. या वर्षी एक संमतिपत्र सोप्या मराठीत करून डॉक्टरांकडून तपासून घेऊ आणि आपल्या भागातल्या दवाखान्यांना देऊ. पुढच्या आज्जीला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे.