वडीलधाऱ्यांनी राखलेले दार

‘हल्लीच्या पोरांत श्रद्धा उरली नाही,’ ही तक्रार हिंदूंच्या घरी होते तशी ख्रिस्त्यांच्याही. तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमचा सवाल आहे : पोरांनी तुमच्या घरी पाहिले काय?

आयडा स्कडरचेच उदाहरण घ्या. आजोबा १८१९ साली अमेरिकेहून निघालेले मिशनरी डॉक्टर, वडीलही तसेच. एवढा वारसा असून पोरीचा निश्चय एकच, मिशनरी व्हायचे नाही! पुढे आईच्या आजारपणात ती मद्रासकडच्या तिंडीवनमला आली. एका रात्री अडलेल्या तीन बाळंतिणींसाठी तीन घरची माणसे दारी आली. पुरुष डॉक्टर त्यांना चालेना, आणि आयडा डॉक्टर नव्हती. तिघीही दगावल्या. आयडा वैद्यक शिकली, १९०० साली वेलोरला परतली. १९१८ साली तिने तेथे मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली.

घराण्याच्या नावाने झाले नाही ते त्या रात्रीने केले. हा योगायोग म्हणाल? पण अपरात्री हाक मारावी असे दार तिच्या वडिलांनी राखले होते, म्हणून तर ती हाक तिच्या कानी पडली!

श्रद्धा वाटणीपत्रात लिहून देता येत नाही. दार मात्र उघडे ठेवता येते. तुमचे आहे काय?