कोंबडी गप्प का बसली?

मालेगाव म्हटलं की पुष्कळांना नाशिककडचं, यंत्रमागांचं मालेगाव आठवतं. पण अकोल्याहून वाशिमला जाताना वाटेत लागतं ते आपलं वऱ्हाडातलं मालेगाव. आधी ते अकोला जिल्ह्यात होतं, १९९८ साली वाशिम जिल्हा वेगळा झाला तेव्हा इकडे आलं. चहूकडे सोयाबीन आणि तूर, आणि गावात कुठल्याही गल्लीत शिरा, कुणाच्या ना कुणाच्या परसात चार-सहा कोंबड्या उकरत असतातच. अंडी घरात खायची, उरली तर विकायची. वहीपेन्सिलीचा खर्च त्यातून निघतो, हे तुमच्यापैकी कितीतरी जणांना माहीत असेल. तेव्हा रोज अंडं देणारी कोंबडी एका सकाळी खुराड्यातून बाहेरच आली नाही, तर घरात काळजी ही होणारच. म्हणून आज तिच्या दुखण्याविषयी बोलू.

पहिली गोष्ट. कोंबडी आपलं दुखणं लपवते. रानात जो पक्षी आजारी दिसतो त्यालाच मांजर किंवा ससाणा उचलतो, त्यामुळे ‘मला काही झालेलं नाही’ असं सोंग आणणं तिच्या रक्तातच आहे. याचा अर्थ असा, की ती तुम्हाला आजारी दिसते तेव्हा बहुधा दोन-तीन दिवस आधीपासूनच आजारी असते. म्हणून लगेच धरायला धावू नका. आधी लांबून पाच मिनिटं बघा. निरोगी कोंबडी क्षणभर स्वस्थ बसत नाही. उकरते, टोचते, मान वाकडी करून तुमच्याकडे बघते. तुरा लालबुंद असतो. आजारी कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात उभी राहते, शेपूट खाली पडलेली, डोळे अर्धे मिटलेले. तुरा फिका पडला असेल तर रक्त कमी झालंय, जंत झालेत किंवा अंगावर किडे आहेत अशी शंका घ्यावी. तुरा निळसर झाला असेल तर मामला गंभीर आहे.

पण घाई नको, कारण सगळ्याच गप्प कोंबड्या आजारी नसतात. खुडूक झालेली कोंबडी दिवसभर बसून राहते, जवळ गेलं की अंग फुगवून गुरगुरते, दाणापाणी कमी करते, अंडी तर बंदच करते. तिला औषध नको. तिला पिल्लं हवी आहेत! आजीला विचारा, ती लांबूनच बघून सांगेल. पिसं झडायच्या दिवसांतही कोंबडी भिकाऱ्यासारखी दिसते आणि अंडं देत नाही, कारण नवी पिसं तयार करण्यातच तिची सगळी ताकद जाते. थंडीत दिवस लहान होतात तेव्हाही अंडी कमी होतात. भरपूर अंडी द्यायला तिला साधारण चौदा तासांचा उजेड लागतो.

आता अंग तपासू. त्यासाठी उत्तम वेळ म्हणजे तिन्हीसांजा. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे ती निमूट हाती येते. दोन्ही पंख अंगाशी धरून तिला काखेत घ्या. अंग चटका बसावा इतकं गरम लागलं तरी ‘ताप आला!’ म्हणून ओरडू नका. कोंबडीचं अंग एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस असतंच. छातीच्या मधोमध उभं हाड असतं ते चाचपा. ते सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर ती बरेच दिवस खंगते आहे. मग गळ्याखालची अन्नाची पिशवी बघा. संध्याकाळी ती भरलेली असायला हवी आणि सकाळी, दाणे टाकण्याआधी, रिकामी. सकाळीही ती चेंडूसारखी घट्ट असेल, तर लांब गवत, दोरा किंवा प्लॅस्टिक अडकलेलं असतं. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती पिसं फुंकून पाहा, उवा पळताना दिसतात. पायांवरचे खवले वर उचलल्यासारखे आणि पांढरट झाले असतील तर त्यांच्याखाली बारीक किडे घर करून बसलेत. खोबरेल तेल रोज चोळलं तर ते गुदमरून मरतात.

आणि विष्ठा. नाक मुरडू नका! पशुवैद्यकांना तिच्याइतकं दुसरं कोणी सांगत नाही. तपकिरी गोळा आणि त्यावर पांढरी टोपी, ही झाली चांगली विष्ठा. पांढरं दिसतं ते कोंबडीचं मूत्र, ते ती वेगळं टाकत नाही. अधूनमधून चिकट, काळपट, वासाची विष्ठा पडते, तीही ठीकच. मात्र हिरवी पातळ हगवण, किंवा रक्त मिसळलेली, ही दोन्ही लक्षणं दवाखान्यात सांगण्याजोगी.

अंडी देणाऱ्या कोंबडीचं एक खास दुखणं आहे, अंडं अडकणं. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला! एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून तेवढं मिळालं नाही तर कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते. तेही पुरेनासं झालं की कवच मऊ पडतं, आणि अंडं बाहेर ढकलायला स्नायूंना जोर लागतो तोही कमी पडतो, कारण स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं. मग कोंबडी शेपूट खाली सोडून, छाती वर काढून उभी राहते, पुन्हा पुन्हा कुंथते, खोपटात जाते आणि तशीच परत येते. पोटाच्या मागच्या बाजूला हलक्या हातानं घट्ट गोळा लागतो.

अशा वेळी घमेल्यात हाताला सोसवेल असं कोमट पाणी घ्या. तिचं मागचं अर्धं अंग त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. बहुतेक कोंबड्या त्यात चक्क पेंगतात. नंतर कोरडं पुसून, गुदद्वाराला थोडं गोडेतेल लावून, अंधाऱ्या उबदार खोक्यात एकटीला ठेवा, जवळ पाणी ठेवा. पुष्कळदा तास-दोन तासांत अंडं बाहेर येतं. नाही आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही. आणि बाहेरून दाबून अंडं फोडायचा शहाणपणा कुणीही करू नये. आत फुटलेलं कवच काचेसारखं कापतं. असे प्रयोग करणारी मोठी माणसंच जास्त असतात, म्हणून हे आईबाबांनाही वाचून दाखवा.

कॅल्शियम कसं द्यायचं? अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून, बारीक चुरून, वेगळ्या वाटीत ठेवा. शिंपल्यांचा चुरा मिळाला तर आणखी चांगला. दाण्यात मिसळू नका. जिला हवं ती तेवढं खाते, कोंबड्याला नको असतं. मात्र विड्याचा चुना चोचीत कोंबू नका, तोंड भाजतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही यात हात असतो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. त्यांना घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. पण धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड वायू फार बाहेर जातो, आणि कवच घडवायला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. म्हणून उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी. खुराड्यावर ओलं बारदान, सावली, आणि दिवसातून तीन-चारदा बदललेलं गार पाणी, एवढं तरी कराच.

खाण्यात आणखी दोन गोष्टी जपायच्या. आपल्या भागात सोयाबीन मुबलक, म्हणून कच्चं सोयाबीन कोंबड्यांपुढे ओततात. कच्च्या दाण्यात असं द्रव्य असतं की प्रथिनं पचतच नाहीत, भाजून दिलं तर ते नाहीसं होतं. आणि पावसात भिजून बुरशी धरलेलं धान्य ‘माणसांना नको, कोंबड्यांना टाका’ म्हणू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. शोधाअंती दोष निघाला भुईमुगाच्या पेंडीतल्या बुरशीचा. ॲफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं ते या पक्ष्यांमुळे.

खाण्यावरून आठवलं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जावा बेटावर आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लटपटू लागल्या, माना मागे पडू लागल्या. डॉक्टरांना वाटलं, साथ आली. पण काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या! चौकशी करता कळलं, की मध्यंतरी त्यांना दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. नवा आचारी आला, त्यानं तो देणं बंद केलं, आणि कोंबड्या पुन्हा हातसडीच्या तांदळावर आल्या. कोंड्याबरोबर निघून जाणारं काहीतरी त्यांना हवं होतं. ते म्हणजे आज आपण ज्याला ‘ब’ जीवनसत्त्व म्हणतो त्यातला एक भाग. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. मान वाकडी दिसली की साथच आली, असं नसतं ते असं.

पण बहुतेक वेळा आपल्या परसात मान वाकडी झाली तर ती मानमोडीच असते, हेही खरं. पुस्तकी नाव राणीखेत. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ आणि जावा बेटावर हा रोग ओळखला गेला. लवकरच आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत गावाजवळ तो सापडला आणि त्या बिचाऱ्या गावाचं नाव त्याला चिकटलं. धाप, हिरवी हगवण, लुळा पंख, वळलेली मान, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. विषाणूचा रोग, त्याला औषध नाही. म्हणून घरातल्या गोळ्या कुटून पाजू नका. प्रतिजैविक औषधं विषाणूवर चालत नाहीत, उलट त्यांचा अंश अंड्यात उतरतो. पशुवैद्यकांनी एखादं औषध दिलंच, तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारून घ्या.

एक कोंबडी आजारी पडली की तिला लगेच वेगळं डालून ठेवा, दाणापाणी वेगळं, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी, मग साबणानं हात धुवायचे. बाजारातून आणलेली नवी कोंबडीही दोन आठवडे वेगळीच ठेवावी. एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या तर मुलांनी हात लावायचाच नाही, शिजवायच्या नाहीत, नाल्यात फेकायच्या नाहीत. बर्ड फ्लू आपल्या देशात पहिल्यांदा आढळला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. २०२१च्या जानेवारीत तो परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला, म्हणजे वाशिमपासून काही फार लांब नव्हे. अशा वेळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्या किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

मानमोडीला औषध नसलं तरी लस आहे. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि दीड-दोन महिन्यांनी कातडीखाली टोचणी. पुढच्या तारखा दवाखान्यात ठरवून मिळतात. अडचण एकच, लशीची कुपी निदान शंभर पक्ष्यांची येते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? म्हणून आधी गल्लीतली घरं फिरा, कुणाकडे किती कोंबड्या आहेत ते वहीत मांडा, आणि ती वही घेऊन दवाखान्यात जा. तारीख ठरली की आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या डालून ठेवायच्या, नाहीतर सकाळी अर्ध्या झाडावर आणि अर्ध्या शेजारच्या वाडीत सापडतील!