‘काय झालंय?’ ‘काही नाही!’

लेकीला ताप आला की आमच्या घरची यंत्रणा सॉलिड हलते. मी हाफ डे टाकतो, बायको मीटिंग सोडते, कांदिवलीहून आई रिक्षाने हजर. पण ठणठणीत पोरीला डॉक्टरकडे न्यायला सुट्टी मागायची? बॉस विचारणार, ‘काय झालंय?’ उत्तर काय देणार? ‘काही नाही!’

ऑक्टोबर २०२२मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. बोरिवली फास्टमध्ये लटकत आम्ही हळहळलो. ‘लोकांना कळतच नाही हो,’ असंही कुणीतरी म्हणालं. बहुतेक मीच.

रात्री सहज लेकीची फाइल काढली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. पहिल्यापुढे तारीख, शिक्का, सही. दुसऱ्यापुढे कोरं. आणि पोरगी अडीच वर्षांची! वजन-उंचीचा आलेखही पहिल्या वाढदिवसालाच थांबलेला. जन्म लॉकडाऊनमधला, त्यामुळे सुरुवातीला ‘बाहेर नको’ हे कारण होतं. नंतर फक्त ‘या शनिवारी नक्की’ होतं.

लस पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते, पण ऑफिसच्या वेळात. रोजंदारीवरच्या आईचा तेवढ्यासाठी दिवस बुडतो, म्हणजे पैसेच बुडतात. माझ्या तर बारा रजा शिल्लक होत्या, यार.

सोमवारी बॉसला फोन केला. ‘काय झालंय?’

‘काही नाही, सर. म्हणूनच नेतोय.’